गच्चीवरची पृथ्वी

सातारा,
१४ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. दिवाळीत तू दिलेला फुगवायचा पृथ्वीगोल पहिले चार दिवस निव्वळ चेंडू होता. मीही अडवलं नाही. मग एक खेळ काढला : झेलला की उजवा अंगठा कुठे पडलाय ते ओरडून सांगायचं, जमीन की पाणी. वीस झेलांत चौदा वेळा पाणी! पृथ्वीवर ७१ टक्के पाणी असतं हे थोरल्याला पाठ होतं, पण त्या दिवशी ते त्याच्या अंगठ्याला कळलं.

खरी गंमत आज सकाळी झाली. रात्री ध्रुवतारा पाहून गच्चीवर खडूने उत्तरेची रेघ मारून ठेवली होती. सकाळी उन्हात आईची जुनी चुंबळ ठेवली, तिच्यावर गोळा. साताऱ्यावर टिकली लावली, ती बरोबर माथ्यावर आणली आणि उत्तर ध्रुव रेघेच्या दिशेला केला. बस्स, एवढंच. आता गोळा खऱ्या पृथ्वीसारखाच कललेला होता, त्यामुळे ऊनही त्याच्यावर पृथ्वीवर पडतं तसंच पडलं. जपान उजेडात, इंग्लंड काळोखात. दक्षिण टोकाला, जिथे फुगवायची नळी आहे, तिथे ऊन आणि उत्तर ध्रुवावर सावली. तिकडे आता कित्येक महिने रात्रच, हे सांगितल्यावर धाकटी त्या टोकावर हात ठेवून बसली.

उजेडाची कड आफ्रिकेवरून जात होती, अगदी तुझ्या नैरोबीजवळून. नऊ वाजले होते. म्हणूनच तुला तो अवेळी फोन! तू पडदा सारून "सूर्य नुकताच वर आलाय" म्हणालास, तेव्हा दोघं गच्चीभर नाचली. तुझं ते वाक्य त्यांच्या दृष्टीने परीक्षेचा निकाल होता. मलाही तसंच वाटलं, खरं सांगतो.

मग धाकटीने विचारलं, "आपण वर आहोत, मग काका उतारावर कसे उभे राहतात?" मी उत्तर दिलं नाही. मित्रा, ते तूच द्यायचंस. तुझ्याकडच्या तशाच गोळ्यावर नैरोबी माथ्यावर आण आणि ध्रुव उत्तरेला कर. तू विषुववृत्ताला लागूनच आहेस, तेव्हा तुझा गोळा जवळजवळ आडवा झोपलेला दिसेल. आमचा ध्रुव मात्र क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर असतो, ध्रुवतारा दिसतो तेवढाच.

येत्या रविवारी तुझ्याकडे दहा वाजता, म्हणजे आमच्याकडे साडेबाराला, दोघांनी एकदमच फोटो काढायचे. गोळे वेगवेगळे कललेले असतील, पण उजेडाची कड दोन्हींवर त्याच देशांवरून जायला हवी. पोरांनी आत्ताच पैज लावलीय. ढग आले तर पुढचा रविवार.

वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र