तोफांआधीही तट कोसळत होते

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील किल्ल्यांवरचा लेख आवडला. मात्र ‘तोफा येईपर्यंत भक्कम किल्ला उपासमारीने किंवा फितुरीनेच पडे’ हे त्यातलं विधान पटलं नाही. आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक म्हणून हयात घालवली. जुन्या सुतारांचं एवढं मोठं काम असं एका वाक्यात पुसलं गेलेलं बघवत नाही.

तेराव्या शतकात युरोपपासून चीनपर्यंत ट्रेबुशे हे दगडफेकी यंत्र वेढ्यांत वापरलं जात होतं. उंच चौकटीवर लांब तुळई, तिच्या आखूड टोकाला दगडमातीने भरलेली जड पेटी, लांब टोकाला गोफण. पेटी खाली आली की तुळई उसळते आणि गोफण दगडासकट फिरते. गोफणीचा एक दोर पक्का बांधलेला असतो, दुसऱ्याची कडी तुळईच्या टोकावरच्या खिळ्यात नुसती अडकवलेली. सगळी करामत या खिळ्यात आहे. कडी लवकर निसटली तर दगड आभाळात, उशिरा निसटली तर आपल्याच पुढ्यात! खिळ्याचा बाक बदलून, दोर थोडा कमी-जास्त करून नेम बसवायचा. एकदा बसला की त्याच जागेवर दगडामागून दगड. तटाला खरा धोका होता तो याचा.

१३०४ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्याला वेढा घालून बसला होता. पेट्यांत भरायला शिसं हवं म्हणून त्याने आसपासच्या चर्चच्या छपरांचे पत्रे काढवले. पाच मुख्य सुतार आणि त्यांच्या हाताखालची माणसं ‘वॉरवुल्फ’ नावाचं प्रचंड यंत्र उभारत होती. ते पुरं होताहोता किल्ल्यातली शिबंदी शरण यायला निघाली, तर राजाने आधी यंत्र चालवून पाहिलं, मगच शरणागती घेतली. किल्ल्यातल्या लोकांचा विचार करता हे क्रूरच म्हणायला हवं.

चीनमध्ये शियांगयांगचा वेढा मंगोलांना सुमारे पाच वर्षं आवरत नव्हता. कुबलाई खानाने पश्चिमेकडून इस्माईल आणि अलाउद्दीन हे कारागीर बोलावले, त्यांनी अशी यंत्रं उभी केली आणि १२७३ मध्ये शहर पडलं.

आपल्याकडे रणथंबोर आहेच. तिथे अलाउद्दीन खिलजीचा सरदार नुसरतखान वेढ्याच्या कामावर देखरेख करत असताना गडावरून यंत्राने फेकलेला दगड लागून मेला. म्हणजे गडकऱ्यांकडेही ही विद्या होती. शेवटी १३०१ मध्ये गड पडला.

उपासमारीचा मुद्दा अगदीच खोटा नाही. १२१५ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचेस्टर किल्ल्याच्या वेढ्यात तिथल्या जॉन राजाचं यंत्रांनी भागलं नाही. मग बुरुजाखाली भुयार खणून, लाकडी टेकूंना चाळीस डुकरांच्या चरबीने आग लावून एक कोपरा पाडला. तरी आतले लोक मागच्या भागात सरून लढत राहिले आणि अन्न संपल्यावरच बाहेर आले. पण कोपरा कोसळला होता, तोही तोफेविना.

पुरवणीत पुढे कधी या यंत्राची आकृती मोजमापांसह छापावी, ही विनंती. आठवी-नववीची मुलं बांबू, सुतळी आणि वाळूची पिशवी घेऊन ते करून पाहू शकतील. फेकायला मात्र दगडाऐवजी कापडी चेंडू घ्यावा.

– एक वाचक, नाशिक