मंदाला पत्र, इराच्या बाहुलीबद्दल

नोव्ही, मिशिगन

प्रिय मंदे,

इकडे सगळे बरे. ह्यांची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा गोळीवर चाललाय. तब्येतीचं एवढंच. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मला हे एका दमात सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "अगं, लहान आहे ती, विसरेल" म्हणतील. तू म्हणणार नाहीस.

शेजारच्या बाई तुला माहीत आहेत, कापडी बाहुल्या शिवणाऱ्या. डेट्रॉईटमध्ये काळ्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरतं, डेट्रॉईट डॉल शो, सँड्रा एप्स नावाच्या बाईंनी सुरू केलेलं. तिथे त्यांचं टेबल होतं. इराला त्यांनी मदतीला नेलं आणि मागोमाग मी. मंदे, तू तिथे हवी होतीस. हॉलभर बाहुल्या, कॉफीच्या रंगापासून थेट जांभळाच्या रंगापर्यंत. बारीक वेण्यांच्या, गोल फुगलेल्या आफ्रो केसांच्या, चर्चला निघाल्यासारख्या टोप्या घातलेल्या. आज्या पिशवीतून स्वतःच्या लहानपणीची बाहुली काढून एकमेकींना दाखवत होत्या. पोरी तर नुसत्या उधळल्या होत्या, आणि प्रत्येकीला कुणी ना कुणी थांबवून "किती छान दिसतेस" म्हणत होतं. अनोळखी बायका, अनोळखी पोरींना. आपल्याला लहानपणी असं कुणी म्हटलेलं आठवतंय का तुला? मला म्हणायचे. तुझ्यासमोर म्हणायचे, तेच तर सगळं.

तर एका टेबलावर मुलींना बाहुली करायला शिकवत होते. कापलेलं कापड तयार, तपकिरी रंगाच्या आठ-दहा छटा, केसांसाठी लोकर, भरायला कापूस. आपल्याला हवा तो रंग निवडायचा. इराने सगळ्यात फिकट तुकडा उचलला, सायीच्या रंगाचा. शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, ही कोण? इरा म्हणाली, मी. बाई तिच्या हाताकडे बघत राहिल्या. तर ही म्हणते, "आता नाही, मोठी झाल्यावर. आजी म्हणाली मी उजळणार आहे. क्रीम लावते मी रोज."

मंदे, मला क्रीमचं माहीतच नव्हतं. सासूबाई उन्हाळ्यात येऊन गेल्या तेव्हा देऊन गेल्या असणार. घरी आल्यावर तिच्या मोज्यांच्या खणात ट्यूब सापडली, तळापासून नीट पिळत आणलेली. आठ वर्षांची पोर, टूथपेस्टचं झाकण लावत नाही, आणि ही ट्यूब मात्र इतकी जपून वापरली होती. पोहण्याचा क्लास का सोडला तेही तेव्हा कळलं. तिथला तलाव उघड्यावर आहे.

सासूबाईंवर ओरडावं तर कसं? डिंकाचे लाडू वळता वळता, मांडीवर घेऊन, मायेने सांगितलेलं आहे हे. दुष्टपणे सांगितलं असतं तर इराने कधीच उडवून लावलं असतं.

रात्रभर झोप नाही. केनेथ आणि मॅमी क्लार्क या जोडप्याचा बाहुल्यांचा प्रयोग आपल्याला बी.एड.ला होता, आठवतो? तुझ्या वहीतून उतरवून मी पाच मार्क मिळवले आणि तुला चार मिळाले, यावरून तू आठवडाभर बोलली नव्हतीस. तीन ते सात वर्षांची काळी मुलं, समोर बाहुल्या, रंग सोडला तर सगळ्या एकसारख्या. छान कुठली, वाईट कुठली असं विचारत जायचं आणि मग म्हणायचं, तुझ्यासारखी दिसणारी दे. बऱ्याच मुलांनी गोरीला छान म्हटलं होतं. शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडली, काही खोलीतून पळून गेली. १९५४ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने शाळांमधली वर्णभेदाची वाटणी बेकायदा ठरवली, त्या खटल्यात हा अभ्यास मांडला गेला होता. तेव्हा मी ते पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. परवा माझी पोर त्याच प्रश्नासमोर उभी होती.

मंडळातल्या एकीला थोडंसं बोलले, तर ती म्हणाली, "पण तुम्ही तिथे गेलातच कशाला? आपण काय त्यांच्यातले आहोत का?" असा संताप आला! त्यांच्यातले नाही, हे मलाही कळतं. गुलामगिरी, वेगळ्या शाळा, वेगळे नळ, हे त्या लोकांनी सोसलंय, आणि इराला मी "आपलंही तसंच" असं कधी सांगणार नाही. ते खोटं होईल. पण आपल्या पोरीला काय झालंय हे ज्यांनी एका नजरेत ओळखलं, त्यांच्याकडे जायचं नाही तर कुणाकडे?

आणि त्यांनी ही गोष्ट नुसती सोसून सोडली नाही गं. शेजारच्या बाईंनी इराला त्यांची स्वतःची बाहुली दाखवली, बेबी नॅन्सी. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, काळ्या लोकांच्या वस्तीत, १९६५ साली दंगलीचा मोठा भडका उडाला. त्यानंतर लुई स्मिथ आणि रॉबर्ट हॉल यांनी ऑपरेशन बूटस्ट्रॅप नावाची संस्था उभी केली आणि तिच्यातून १९६८ मध्ये शिंदाना टॉइज ही खेळण्यांची कंपनी निघाली. बार्बीवाल्या मॅटेलने पैसे आणि माहिती दिली, पण कंपनी त्या वस्तीची. नॅन्सी ही त्यांची पहिली बाहुली. आदल्याच वर्षी मॅटेलने काळी फ्रान्सी काढली होती, तर ती गोऱ्या फ्रान्सीच्याच साच्यातली, फक्त प्लास्टिक गडद. नॅन्सीचं नाक, ओठ, गाल काळ्या बाळाचे. त्या नाताळाच्या आत ती देशभर विकली जात होती. कंपनी १९८३ मध्ये बंद पडली, आणि २०२० मध्ये रॉचेस्टरच्या खेळण्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये नॅन्सी गेली. बाईंच्या नॅन्सीचा एका कानामागचा रंग उडालाय. म्हणाल्या, तिथेच धरून झोपायचे मी. त्याआधी त्यांच्याकडे आईने तपकिरी मोज्याची करून दिलेली बाहुली होती. दुकानात त्यांच्यासारखी मिळायची नाही, म्हणून आईने मोजे कापले.

बाईंनी इराला एकही उपदेश केला नाही. फिकट बाहुली तिच्याबरोबर बसून पुरी केली, वेण्यासुद्धा घातल्या. निघताना तिच्या हाताशी धरून बरोबर जुळणाऱ्या रंगाचा एक तुकडा कापला, पाकिटात घातला आणि म्हणाल्या, घाई नाही. ते पाकीट इराच्या टेबलावर आहे. उघडलेलं नाही, फेकलेलंही नाही. मी विचारत नाही. ट्यूब मी कचऱ्यात टाकली, तर ती एवढंच म्हणाली, "संपतच आली होती."

आता माझी अडचण. तुला आठवतं, तुझ्या बघण्याच्या फोटोवरून आपण भांडलो होतो? स्टुडिओवाल्याने तुला उजळ करून दिलं आणि तू तोच फोटो पाठवलास. मी चिडले, म्हटलं हा फोटो तुझा नाही. तू म्हणालीस, तुला काय कळणार, तू गोरी. मला तेव्हा राग आला, पण तुझं बरोबर होतं. गॅदरिंगमध्ये तू दर वर्षी राक्षसीण आणि मी राजकन्या, आणि तुझी गर्जना ऐकून पहिली रांग खरोखर दचकायची! पण घरी जाताना सायकलवर तू काय विचार करायचीस ते मला माहीत नाही. इरा बापावर गेलीय. मी तिला "तू सुंदर आहेस" म्हणते, तेव्हा ती माझ्या हाताकडे बघते.

म्हणून तू सांग. आठव्या वर्षी तुला काय ऐकायचं होतं, आणि कुणाकडून? काय ऐकून आणखी राग आला असता, तेही लिही. डिसेंबरमध्ये आम्ही सांगलीला येतोय. सासूबाईंशी हे बोलणार आहेत, तसं कबूल करून घेतलंय. पण लग्नघर आहे, दहा बायका हनुवटी धरून "बापासारखा रंग घेतलास गं" म्हणणारच. त्या दिवसांत तू इराला दोन दिवस तुझ्याकडे ने. शाळेत ने, तुझ्या पोरींमध्ये बसव. मी येत नाही. मी नसलेलंच बरं.

तुझ्या हेडमास्तरणीच्या ऑर्डरचं काय झालं? अभिनंदन करू ना? चिन्मयला हॉस्टेल मानवलं का? भाऊजींचं दुकान हलवायचं ठरलं म्हणे, सगळं सविस्तर कळव. आक्कांना नमस्कार.

तुझी,
सुमन

ता. क. खणाचं कापड घेऊन ठेव, बाहुलीच्या परकर-पोलक्यासाठी. इराने दुसरी बाहुली केली तर केली, नाही तर राहील कपाटात. पण गडद रंगाचंच घे, जांभळं किंवा मोरपंखी, काठ ठसठशीत हवा. दुकानदार पाव मीटर देत नाही म्हणाला तर अर्धा घे, आणि पैसे माझ्याकडून मागून घे. मागच्या वेळसारखं करू नकोस.