मूळ फाइल जपून ठेव

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल गणेशपेठच्या स्टँडवर बाबा तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, ते मनाला लावून घेऊ नको. घरी आल्यावर तुझी फुटाळा तलावाची रील त्यांनीच आजीला तीनदा दाखवली. ती पाहून उमेदवारानं तुला प्रचाराचे व्हिडिओ करायला बोलावलं, याचा मलाही अभिमान आहे. म्हणून भांडण उकरत नाही, कामाचं तेवढं लिहिते.

भाषण सुरू झालं की कॅमेरा मधे बंद करू नको. रीलला तीस सेकंद पुरतात, पण त्या वाक्याच्या मागचं-पुढचं तुझ्याजवळ हवंच. कोणी अर्धं वाक्य कापून फिरवलं तर पूर्ण भाषण दाखवूनच उत्तर देता येतं. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो, चित्रीकरणाची तारीख-वेळही निघून जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठव. मूळ फाइलच्या दोन प्रती ठेव, एक हार्ड डिस्कवर.

पैसे भरून व्हिडिओ बूस्ट केला की ती जाहिरात झाली. ती आधी माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यायची: उमेदवाराचा अर्ज किमान तीन दिवस आधी, व्हिडिओच्या दोन प्रती आणि त्यातल्या बोलण्याची साक्षांकित लेखी प्रत. तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात जातो, तुझा पगारसुद्धा. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख. निवडणूक आयोगाचं एक पथक सभेचं शूटिंग करतं, दुसरं ते पाहून खुर्च्या, मांडव, गाड्या मोजतं आणि दरपत्रकाप्रमाणे रक्कम लिहिली जाते. तुझ्या ड्रोनच्या शॉटमध्ये दोन हजार खुर्च्या दिसल्या आणि हिशेबात पाचशे असल्या, तर पुरावा तूच दिलेला असतो.

हे नियमांचं झालं. माझा जीव अडकलाय तो तुझ्या चेहऱ्यात. 2006 साली अमेरिकेत, व्हर्जिनियात, जॉर्ज ॲलन या सिनेटरनं विरोधकासाठी शूटिंग करणाऱ्या भारतीय वंशाच्या वीस वर्षांच्या पोराला भर सभेत हिणवलं. यूट्यूब तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं. क्लिप देशभर फिरली, नोव्हेंबरात ॲलन थोडक्या मतांनी पडले. तो पोरगा कॅमेऱ्यामागे होता, तरी त्याचं नाव सगळीकडे गेलं. तू तर समोर उभा राहून बोलतोस. उमेदवार उद्या पक्ष बदलेल, तुझ्या तोंडचं वाक्य तिथंच राहील. नोकरीच्या वेळी, लग्नाच्या वेळी कोणीतरी तेच काढेल.

बघ, भाषण द्यायला लागले. माफ कर बेटा. 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं त्या रात्री तू जेवला नव्हतास, दार लावून बसलास. मी हसले होते. हसायला नको होतं.

पण विरोधी उमेदवाराच्या घरच्यांवर, जातीवर एक शब्द तुझ्या तोंडून नको, कोणी लिहून दिलं तरी नको. एआयनं दुसऱ्याचा आवाज बनवायला सांगितलं तर सरळ बस धर, भाडं मी देते. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांसाठी काही शेड्यूल करून ठेवलंय का, तेही तपास.

बाबा विचारताहेत, पोट्टं जेवलं का?

तुझी,
आई

ता. क. हार्ड डिस्क टेबलावरच राहिली. शनिवारी राजूमामा तिकडे येतोय, त्याच्या हाती पाठवते. तोवर फोनमधलं काही डिलीट करू नको.