सुनंदास, थायरॉईडच्या गोळीबद्दल

आर्वी, वैशाख

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तू मोबाईलवर पाठवलेले दोन्ही रिपोर्ट पाहिले. गोळी तीच, 75 मायक्रोग्रॅमची. दिवाळीत टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात चढणारा आकडा) 3.1 होता, आता 8.2 आहे. थकवा, केस गळणं, सकाळी तोंडावर सूज, आवाज जड. "100 ची चालू करून घेऊ का?" असं तू विचारलंस. एवढी घाई नको. डोस तोच असून आकडा चढला, की आधी शोधायचं ते हे की गोळी रक्तात पोचते का. थायरॉईडची ग्रंथी पूर्ण बंद पडली असेल तर साधारण वजनाच्या किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे तुझ्या 62 किलोला शंभरच्या आसपास. तुझी ग्रंथी अजून थोडं काम करत असेल, तर 75 पुरूही शकते, आणि दिवाळीत पुरतच होती.

मग दिवाळीनंतर काय बदललं? तुझ्याच चिठ्ठीत आहे. रक्त कमी म्हणून लोहाच्या लाल गोळ्या लागल्या, आणि त्यानं पोटात जळजळ होते म्हणून गॅसची गोळी. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉईडच्या गोळीला धरून बसतात, ती शोषलीच जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. लाल गोळी दुपारच्या जेवणानंतर घे, कॅल्शियम असेल तर रात्री. पातळ अँटासिडलाही तेच चार तास. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गॅसच्या गोळीचं मात्र अंतर ठेवून भागत नाही. त्यानं पोटातली आम्लताच कमी होते आणि गोळी नीट विरघळत नाही. ती खरंच रोज लागते का, हे डॉक्टरांना विचार. मेडिकलवाला सोबत देतो म्हणून वर्षभर घेण्याची ती गोळी नव्हे.

दुसरं, चहा. उठल्याबरोबर गोळी आणि तिच्या मागोमाग दुधाचा चहा, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. साध्या पाण्यासोबत गोळी, मग किमान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. निंदणाच्या दिवसांत पहाटे हे जमत नाही, ठाऊक आहे. रात्री घ्यायची तर जेवणानंतर तीन तास जायला हवेत, आणि आठला जेवून दहाला झोपणाऱ्या घरात तेही बसत नाही. पहाटे तीन-चारला एकदा जाग येतेच ना? बाटली अन् पाण्याचा तांब्या उशाशी ठेव. गोळी घे आणि परत झोप. वेळ कुठलीही चालेल, पण रोज तीच हवी. उपासाच्या दिवशीही गोळी बंद नाही.

पिठात सोयाबीन दळून घालतेस, तेही शोषण थोडं कमी करतं. बंद करायचं कारण नाही. रोज सारखंच खा, म्हणजे डोस त्याप्रमाणे बसवता येतो. कोबीची भीती मात्र सोड. शिजवलेली भाजी खुशाल खा, आणि मीठ आयोडीनचंच राहू दे.

आता उन्हाळा. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की 25 किंवा 30 अंशांच्या आत ठेवा. आपल्याकडे सावलीत पारा 45 ला टेकतो, आणि टिनाखालच्या फळीवर काय होत असेल ते सांगायला नको. गोळी दिसायला तशीच राहते, ताकद उतरते. रात्री उशाशी असली तरी दिवसा बाटली धान्याच्या आतल्या खोलीत, जमिनीलगत, अंधारात ठेव. माठाजवळ नको, तिथं ओल असते. मूळ बाटलीतून काढून डबीत भरू नकोस. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊच नकोस. ब्रँडही सारखा बदलू नये. बदलावाच लागला तर सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायचा.

सहा आठवडेच का? ही गोळी शरीरात निम्मी व्हायला साधारण सात दिवस लागतात, म्हणून नवी पातळी स्थिरावायला एवढा वेळ जातो. पंधरा दिवसांत तपासलं तर पैसे वाया. त्याचमुळे एखादा दिवस चुकला तर घाबरायचं नाही, आठवेल तेव्हा रिकाम्या पोटी घे. तर आत्ता हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाल, आणि ते हो म्हणाले तर गोळी नीट घेऊन सहा ते आठ आठवड्यांनी तपास. रक्त सकाळी, त्याच लॅबमध्ये दे, आणि गोळी रक्त दिल्यावर घे. केसांसाठीच्या गोळीत बायोटिन असतं, त्यानं टीएसएच खोटा कमी दिसू शकतो. दोन-तीन दिवस आधी ती बंद कर. अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटलंय का ते बघणारी तपासणी) एकदा झाली आहे, पुन्हा पुन्हा करू नको.

आकडा जागेवर आला आणि तरी थकवा राहिला, तर थायरॉईडला टोचत बसू नये, हे मी जरा ठासून सांगते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-12, ड जीवनसत्त्व आणि साखर बघायची. तू माळकरी, अंडं-मटण नाही, म्हणून बी-12 आधी. आपल्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बराच आहे, आणि सिकलच्या रक्तक्षयात लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरत नाही. घरात कुणाला असेल तर त्याची पहिली, सोल्युबिलिटीची तपासणी आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करतात. घोरणं, मन उदास राहणं, पाळी जायची वेळ, यांचा थकवाही हुबेहूब असाच असतो. गोळी नीट घेऊनही डोस वाढतच राहिला, तर सेलियाक (गव्हानं आतड्याला होणारा आजार) आणि जठराच्या आजाराची तपासणी मागून घे. केसांना टीएसएच सुधारल्यावरही काही महिने लागतात, रोज कंगवा तपासू नकोस.

टी-3 ची, म्हणजे थायरॉईडच्याच दुसऱ्या संप्रेरकाची गोळी सोबत घेतात असं तुझ्या भाच्यानं सांगितलं ना? काही मोजक्या लोकांना तज्ज्ञ ती देतात, पण ती लवकर चढते, लवकर उतरते. आपल्या मनानं तर नाहीच. तसंच डोसही मनानं वाढवू नको. टीएसएच फार खाली गेला की छातीत धडधड होते, ठोके अनियमित होतात, हाडं पोकळ होतात. छातीत दुखलं किंवा धडधड थांबेना तर दवाखाना लगेच गाठ.

गोळीच्या बाटलीचा, लाल गोळ्यांच्या पाकिटाचा आणि गॅसच्या गोळीचा फोटो पाठव. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
शालू