तळमजल्यावरच्या काकूंना, आमच्या जावा मोटरसायकलच्या वतीने

काकू, नमस्कार.

समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही "चल, काहीतरीच तुझं" म्हणून चहा टाकायला उठला असतात, म्हणून लिहितोय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. गाडी चालू झाल्यापासून जो भेटेल तो माझी पाठ थोपटतोय, इंजिन घरी बांधलंस म्हणे, आणि मी सांगतो की अहो अर्ध्याहून जास्त काम तळमजल्यावरच्या काकूंचं आहे तर लोकांना वाटतं मी उगाच नम्रपणा दाखवतोय. तर एकदाच काय ते नीट लिहून टाकतो.

बाकीच्यांसाठी थोडं आधीचं. गाडी म्हणजे आजोबांची जावा २५०, १९६८ची, म्हैसूरच्या आयडियल जावाची. मरून रंग, टाकीला दोन्ही बाजूंनी क्रोम, एका सिलेंडरला दोन सायलेन्सर, ६ व्होल्टची वायरिंग, आणि ती प्रसिद्ध एकच दांडी, किक पण तीच आणि गिअर पण तीच. कारखान्यातून १९६१ पासून जावा बाहेर पडायला लागल्या, १९७३ पासून येझदी नाव आलं आणि १९९६ला कारखानाच बंद झाला. हल्ली जावा नाव परत आलंय, शोरूममध्ये नवीन गाड्या मिळतात, पण त्यांचा एक बोल्टसुद्धा हिला उपयोगाचा नाही. आमची बाबांनी बरीच वर्षं चालवली, मग एकदा इंजिन जाम झालं ते झालंच, आणि ती गिरगावातल्या आमच्या चाळीत जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली.

आता चाळीत गाडी खोलायची म्हणजे कुठे खोलायची? वर आमच्या गॅलरीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने आडवं व्हावं लागतं. तुम्ही दारासमोरची पडवी दिलीत, तीही न मागता, आणि वर म्हणालात, "पण माझ्या दारात काम करायचं तर माझ्या पद्धतीने करायचं." मला वाटलं पद्धत म्हणजे पेपर अंथरायचा, ऑइल सांडायचं नाही, दुपारी दोन ते चार ठोकाठोक नाही. ते तर होतंच. पण सगळी नोकरी बेस्टच्या स्टोअर्समध्ये काढलेल्या बाईची पद्धत काय असते हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा तुम्ही दोनशे पानी वही, सुतळी आणि पुठ्ठ्याचे कापलेले टॅग घेऊन स्टुलावर येऊन बसलात.

जे निघेल त्याला टॅग. टॅगवर नंबर, वहीत तोच नंबर, समोर कुठून निघालं, किती निघाले, सोबत वायसर होता का, असल्यास कुठल्या बाजूला, हालत कशी. हालतीला तुमचे तीनच शेरे, चालेल, बदलायचा, बघू. नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत, बारीक शिम (पातळ चकत्या) आणि सर्कलिपा (स्प्रिंगच्या कड्या) औषधाच्या बाटल्यांत. मला खरं सांगायचं तर सुरुवातीला कंटाळा यायचा, पाना हातात असताना कुणी "थांब, लिहू दे" म्हटलं की काय होतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. पण मुंबईत किती गाड्या अशा गोणीत जाऊन संपल्यात हो. माणूस हौसेने खोलतो, पार्ट पिशव्यांत भरतो, मग पाऊस येतो, गणपती येतात, घरी लग्न निघतं, आणि परत हात लावेपर्यंत कुठला बोल्ट कुठला हे आठवणारं कुणी नसतं, शेवटी भंगारवाला वजनावर नेतो. आमच्याही कामात मोठा खंड पडला, सगळा पावसाळा वाया गेला, आणि नंतर वही उघडली तर जणू कालच खोललंय असं सगळं समोर!

क्लचच्या झाकणाचं तर मी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. त्याचे स्क्रू कमी-जास्त लांबीचे, वरून बघितलं तर सगळे सारखे. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की बुडाला टेकतो, झाकण दबल्यासारखं वाटतं पण दबलेलं नसतं, तिथून ऑइल गळतं, आणि अजून जोर लावला तर केसिंगला, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या कवचाला, चीर जाते. तुम्ही कालनिर्णयाचा जुना पुठ्ठा घेतलात, झाकण त्यावर ठेवून पेन्सिलीने कड ओढलीत, जिथे भोक तिथे पेनाने टोचलंत आणि निघेल तसा स्क्रू त्या त्या भोकात खोचत गेलात. झाकण बसवताना मला डोकं लावावंच लागलं नाही. आणि जे स्क्रू झिजले होते त्यांचे माप तुमच्या वहीत, ते घेऊन नागदेवीच्या नट-बोल्टच्या बाजारात गेलो आणि काउंटरवर चिठ्ठी ठेवली, झालं. जावा चेक डिझाइनची, त्यामुळे सगळं मिलीमीटरमध्ये, जुन्या बुलेटवाल्यांसारखी इंचाच्या आट्यांची भानगड नाही.

पण खरे आभार पिस्टनचे.

सिलेंडर बोअर करून म्हणजे आतून थोडा मोठा करून आणला, त्याच्या मापाचा ओव्हरसाईझ पिस्टन ऑपेरा हाऊसच्या एका जुन्या पार्टवाल्याकडे मिळाला, डब्यावर नाव-गाव काही धड नाही पण माप बरोबर. मी तो घालायलाच बसलो होतो. तुमचा नियम, जुना जमा केल्याशिवाय नवा इश्यू नाही, आणि जमा म्हणजे नुसता ठेवायचा नाही, दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घेतलात, दोन पिस्टन ट्यूबलाइटखाली फिरवून फिरवून बघितलेत आणि म्हणालात, "काय रे, हा बारीक खिळा जुन्याला इथे आहे, नव्याला तिकडे का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टू-स्ट्रोकच्या सिलेंडरला आतून खिडक्या असतात, पेट्रोल-हवा तिथून येते आणि धूर तिथून जातो. पिस्टनच्या रिंगेला जिथे फट असते ते तोंड या खिडकीसमोर आलं तर रिंग आतून बाहेर उसळते, खिडकीच्या कडेला अडकते आणि तुटते, मग सिलेंडरची वाट लागते. म्हणून रिंग फिरू नये यासाठी खाचेत एक पिन असते, टाचणीच्या डोक्याएवढी असेल. नव्या पिस्टनची पिन बरोबर खिडकीच्या समोर येत होती. गाडी चालू झाली असती, कदाचित मरीन ड्राइव्हपर्यंत गेलीही असती. त्या पार्टवाल्याने आधी "सगळे असेच येतात" म्हणून हात झटकले, मग मी जुना पिस्टन शेजारी ठेवल्यावर गपचूप दुसरा काढून दिला. तुम्ही आयुष्यात कधी इंजिन खोललेलं नाही काकू, पण दोन वस्तू सारख्या आहेत की नाहीत हे बघायची जी नजर तुमच्याकडे आहे ती मी दाखवलेल्या एकाही मेकॅनिककडे नव्हती, आणि पिस्टन मी दोघांना दाखवून आणला होता.

मग बेअरिंगं. ती हातोडीने ठोकून बसवणारे खूप आहेत, त्याने केसिंगमधलं घर हळूहळू ढिलं होतं आणि मग बेअरिंग आत फिरायला लागतं. सरळ उपाय म्हणजे केसिंग गरम करायचं आणि बेअरिंग थंड, ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. तर केसिंग तुमच्या गॅसवर, मध्ये जाड तवा ठेवून, पाण्याचा थेंब टाकला की चर्र झाला पाहिजे इतपत, आणि बेअरिंगं आदल्या रात्रीपासून तुमच्या फ्रीझरमध्ये, ऑइल लावून दोन-दोन पिशव्यांत गुंडाळून, सोललेल्या कोलंबीच्या डब्याशेजारी. "कोलंबीला वास लागला तर जेवायला बोलावणार नाही" ही धमकी मला पाठ आहे. पण ते बेअरिंग सोडलं आणि टप्पकन स्वतःच्या वजनाने जाऊन बसलं तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत आणि लगेच वहीत "बसवले" असं लिहून तारीख टाकलीत.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, हे मात्र घरचं काम नाही, ती प्रेसवर खोलून नवा कनेक्टिंग रॉड घालून लेथवर सरळ करून घ्यावी लागते, साकीनाक्याला दिली, छान करून दिली. क्रँकच्या दोन्ही बाजूंची सील (रबराच्या कड्या) न बघताच नवीन घातली कारण क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअरचं ऑइल पितं आणि पांढरा धूर सोडतं, दुसऱ्या बाजूचं गेलं तर हवा ओढतं आणि तापून परत जाम. आपली आधी त्या हवेनेच जाम झाली असणार, वहीत त्या सीलपुढे तुमचा शेरा आहे "बिस्किटासारखं तुटलं".

१२ व्होल्ट करून टाक असं मला गल्लीतल्या प्रत्येकाने सांगितलं, लाइट मस्त पडतो वगैरे. नाही केलं, त्यालाही कारण तुम्ही. २०२१ला केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर व्हिंटेज म्हणून नोंद होते, ती १० वर्षं चालते, नवीन नंबरात व्हीए अक्षरं येतात, आणि ज्यांची आधी नोंद आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. रोज ऑफिसला न्यायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी काढायची. ते सगळं तुम्ही प्रिंट काढून पेन्सिलीने खुणा करून वाचलंत आणि म्हणालात, मूळ रूपात म्हणजे मूळ रूपात, उद्या कुणी विचारलं तर वही दाखवायची. आजोबांचं आरसी बुक आता तुमच्याच फाइलमध्ये आहे, प्लास्टिकमध्ये, तिथेच राहू दे.

धुराचं काय बोलू. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा तुमच्या घरात एवढा धूर गेला की देवघर दिसेना, त्यात मी नवीन इंजिन म्हणून पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल घातलेलं. तुम्ही पदर नाकाला लावून बाहेर आलात, गाडीकडे बघितलंत आणि विचारलंत, "किती बोल्ट उरले?" एकही नाही उरला काकू, तुम्हाला माहीतच होतं, तरी विचारलंत!

अजून थोडं बाकी आहे. टाकीचं क्रोम प्लेटिंगवाल्याकडे अडकलंय, त्याच्या तारखा ऐकून तुम्ही त्याचंही कार्ड बनवलंय हे मला कळलंय. सीट शिवायची आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात, तेव्हा तुम्ही मागे बसणार आहात, नाही म्हणायचं नाही, हेल्मेट आणलंय, तुमच्या मापाचं. साडीत जमणार नाही म्हणत असाल तर मावशीचा पंजाबी ड्रेस आई देणार आहे, दोघींचं बोलणं झालंय असं ऐकतो.

आणि हो, दुसऱ्या मजल्यावरचे काका त्यांची जुनी प्रिया स्कूटर खोलायची म्हणतायत, तुमच्याकडे पडवी मागायला येणार आहेत. पडवी द्या, वही पण द्या, पण श्रीखंडाचे डबे मी परत करत नाहीये, त्यांचा पेट्रोलचा वास काही केल्या जात नाही, त्याबदल्यात नवीन सेट घेऊन रविवारी येतो. कोलंबी असेल तर आधी कळवा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा