दोघींचं नाटक जत्रेत का नको?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात दोनच पात्रांचं एक मराठी नाटक पाहिलं. तुरुंगाची खोली, सत्तरीची बाई आणि कॉलेजातली मुलगी. म्हातारीला शिक्षा झालेली, मुलीची सुनावणी अजून व्हायची. बाहेर पडताना माझ्यापुढे चालणारे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बरें आशिल्लें, पूण घडलें कितें?" त्यांना तिथेच अडवावंसं वाटलं. धीर झाला नाही, म्हणून हे पत्र.

पहिल्या अंकात दोघींचं भांडण होतं ते डोकं कुठल्या बाजूला करून झोपायचं यावरून. मुलगी तिला 'आजी' म्हणते, तर म्हातारी फणकारते, मला नातवंडं नाहीत म्हणून. दुसऱ्या अंकात मुलीला ताप भरतो आणि तीच म्हातारी भिंतीकडची कोरडी जागा सोडून दाराशी सरकते. बोलत काहीच नाही. घडलं ते हे, महाराज!

मी स्वतः बावीस वर्षं जत्रेतल्या नाटकांत कामं केली. गावचे हौशी नट महिना-दीड महिना देवळाच्या मंडपात तालमी करायचे, आणि 'नाइट'वर, म्हणजे प्रयोगागणिक पैसे घेऊन, येणाऱ्या आम्ही बायका शेवटच्या दोन तालमींना हजर. कधी नायकाची बहीण, कधी खलनायकाची बायको. प्रवेश संपला की विंगेत, तिथे प्रॉम्प्टर वही धरून उभा. एका हंगामात सात-आठ नाटकं डोक्यात. एकदा मी एका नाटकातलं वाक्य दुसऱ्यात बोलून मोकळी झाले (टाळीही पडली). पण दोन बायकाच समोरासमोर आहेत असा मोठा प्रवेश मला त्या बावीस वर्षांत तीनदा मिळाला असेल. तिन्ही वेळा आम्ही भांडत होतो एका पुरुषावरून.

त्यामुळे परवा मी वेगळंच बघत बसले होते. अख्ख्या अंकात दोघींपैकी एकीलाही एक्झिट नाही. घोटभर पाणी नाही, वही नाही, विंगेतून कुजबुज नाही. एका ठिकाणी थोरली अडखळली असं मला वाटलं, तोच धाकटीने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. तो संहितेतला होता की वेळ मारून नेण्याचा, हे मला अजून कळलेलं नाही. दोन तालमींत हे जमणारं नव्हे. शेवटी निकालाचं ध्वनिमुद्रित निवेदन ऐकवलं ते मात्र नको होतं. तोवर दोघींच्या बसण्यावरून सगळं कळलेलं असतं.

1933 सालच्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्री भूमिका स्त्रियांनी केल्या. त्यातल्या ज्योत्स्ना भोळे आपल्या गोव्याच्या. तुरुंगही इथल्या बायकांना नवा नाही. 1955 साली म्हापशात गोवा मुक्तिलढ्यातल्या सुधाताई जोशींना पोर्तुगिजांनी पकडलं, आणि त्या एकट्याच नव्हत्या. तरी आमच्या उत्सवी नाटकात बाई अजून बाहेरूनच मागवायची असते, जेवढ्यास तेवढी.

स्पर्धेसाठी बसवलेली अशी नाटकं बरेचदा एका प्रयोगात संपतात. जत्रेच्या रात्री गावोगाव रंगमंच उभा असतो, प्रेक्षक असतो. एखाद्या समितीने त्यातली एक रात्र द्यावी आणि नटींना 'नाइट'बरोबर तालमींचंही मानधन द्यावं, एवढंच माझं मागणं.

आमच्या वाड्यावरच्या मंडळाला विचारून झालं. त्यांची अडचण पैशाची नव्हती. "दोनच पात्रं, ती पण बायकांची. मग आमच्या पंधरा जणांनी काय पडदा ओढायचा?"

मी म्हटलं, त्यालाही माणूस लागतोच.

आपली,
एक जुनी नाट्यकलाकार, फोंडा