सर्व्हिस चार्ज ‘ऐच्छिक’, मग बिलात आधीच कसा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज परस्पर लावायचा नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच बजावले होते. त्याविरुद्ध रेस्टॉरंट मालकांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि वर दोघींना एकेक लाखाचा दंड ठोठावला. पुढे अपील झाले. ते चालायचे तेव्हा चालो. पण उंची भारतीय रेस्टॉरंटांत दहा टक्क्यांची ती ओळ आजही बिलात छापून येताना दिसते, म्हणून हे पत्र.

अलीकडे पुण्यातल्या अशाच एका ठिकाणी व्याही मंडळींना घेऊन गेलो होतो. जेवण फर्मास होते, त्याबद्दल तक्रार नाही. तांब्याच्या हंडीतली डाळ तर व्याह्यांनी दोनदा मागवली. बिल आले तेव्हा सर्व्हिस चार्ज काढा, असे मी वेटरला हळूच सांगितले. तो मुलगा ‘विचारून येतो’ म्हणून गेला आणि मॅनेजरला घेऊनच आला. साहेबांनी अगदी अदबीने विचारले, ‘‘सर, जेवणात काही कमी पडलं का? आमच्या मुलांचं काही चुकलं का?’’ आता याला काय उत्तर देणार? काहीच चुकले नव्हते. तेवढ्यात व्याही म्हणाले, ‘‘जाऊ द्या हो, किती आहेत ते!’’ पाहुण्यांसमोर बहुतेक माणसे इथेच गप्प बसतात, आणि ही वसुली चालते ती याच भिडेवर. खानावळीत जादा पोळीचे पैसे लावले तर आपण गल्ल्यावर जाऊन भांडतो. मंद दिव्यांखाली, मांडीवर कापडी नॅपकिन असताना मात्र आवाज फुटत नाही.

मी हट्ट सोडला नाही, रक्कम काढली गेली. पण उपकार केल्यासारखी.

हिशेबही पाहण्यासारखा आहे. चार हजारांच्या जेवणावर दहा टक्के म्हणजे चारशे. मग पाच टक्के जीएसटी लागतो तो चार हजारांवर नाही, चव्वेचाळीसशेवर. म्हणजे जे द्यायलाच नको होते, त्याच्यावर आणखी वीस रुपये कर. पुन्हा ही ओळ कराच्या ओळींना अशी चिकटून असते की हाही सरकारचाच कर, असे पुष्कळांना वाटते.

पैसे स्वयंपाकघरातल्या आणि भांडी घासणाऱ्या माणसांपर्यंत पोचतात, असे मालक सांगतात. पोचत असतील तर आनंदच आहे. पण मग तो खर्च पदार्थाच्या किमतीतच धरा ना. किंमत ठरवायला तुम्हाला कोणी अडवलेले नाही. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा महाग विकण्याची मुभासुद्धा सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटांना दिली आहे. (‘रेग्युलर की मिनरल?’ हा प्रश्न बसता बसता का येतो, ते यावरून कळावे.) मेन्यूत पाचशेची भाजी साडेपाचशेला लिहा, ज्याला परवडेल तो मागवील. टिप द्यायची ती आम्ही देऊच. मीही त्या वेटरला निघताना हातात दिली.

चार्ज काढायला नकार मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण रात्री साडेदहाला पाहुण्यांना ताटकळत ठेवून फोन कोण करणार? तेव्हा ग्राहकाने मागितल्यावर काढण्याची ही पद्धतच बंद व्हायला हवी. राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाने मोठ्या शहरांतल्या रेस्टॉरंटांची बिले तपासावीत आणि ‘सर्व्हिस चार्ज’ असो की दुसऱ्या कुठल्या नावाने असो, आपोआप लागणारी ही रक्कम बिलाच्या सॉफ्टवेअरमधूनच काढायला लावावी.

आपला,
एक वाचक, पुणे